गेटवरच्या फलकासाठी प्राणी-पक्ष्यांच्या रंगखुणा: मसुदा तपासून हवा आहे

कुंपणापलीकडे (धागाकर्ता)

सोसायटी बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून. गेटच्या आत ३ × २ फुटांचा फलक लावायचा आहे: आसपास दिसणारे प्राणी-पक्षी आणि ते ओळखायची एकेक रंगखूण. सध्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी कुणीतरी अंधुक फोटो टाकतं, त्याखाली चार जण चार नावं सांगतात, आणि निम्म्या वेळा ते "बिबट्याचं पिल्लू" असतं. मसुदा असा:

१. बिबट्या – पिवळ्या अंगावर काळे ठिपके
२. उदमांजर – करडं, लांब शेपटी
३. चितळ – तपकिरी अंगावर पांढरे ठिपके
४. शिपाई बुलबुल – गालावर लाल ठिपका
५. लालबुड्या बुलबुल – शेपटीखाली लाल
६. नीलकंठ – निळा गळा
७. खंड्या – निळी पाठ
८. हळद्या – पिवळा, पंख काळे
९. हरियाल – हिरवट पिवळा
१०. फ्लेमिंगो – गुलाबी
११. मण्यार – काळ्या अंगावर पांढरे पट्टे
१२. घोणस – अंगावर साखळी

तीन प्रश्न आहेत. या खुणा पुरेशा आहेत का? रात्रीच्या सीसीटीव्हीत रंगच नसतो, तिथे काय बघायचं? आणि छापताना रंग बिघडू नयेत म्हणून काय करावं?

---

पानगळ

पक्ष्यांपुरतं लिहितो. मसुद्यात रंग आहे, पण तो नेमका कुठे आणि किती, हे नाही. रंग ऊन, वय, ऋतू आणि मोबाइल या चौघांच्या हातात असतो. खुणेची जागा मात्र हलत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत अवयवाचं नाव आधी आणि रंगाचं नंतर, अशी मांडणी करा.

४ आणि ५ एकत्र घ्या, कारण घोटाळा या दोघांतच होतो. शेपटीखाली लाल दोघांनाही असतं. शिपायाचा गालावरचा लाल ठिपका प्रौढ पक्ष्यालाच असतो. पिल्लू उडायला लागलं तरी त्याचा गाल पांढराच असतो आणि बूड लाल नसून फिकट नारिंगी. म्हणजे तुमचा फलक वाचणारा माणूस शिपायाच्या पिल्लाला नक्की लालबुड्या म्हणणार. खरी खूण अशी: शिपायाचा तुरा उभा, टोकदार, शिपायाच्या टोपीसारखा, आणि पोट पांढरं. लालबुड्याचं डोकं काळं, तुरा बुटका, अंगावर खवल्यांसारखी नक्षी, आणि उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा चौकोन चमकतो. हा चौकोन दहाव्या मजल्यावरून खाली पाहतानाही दिसतो, गालावरचा ठिपका दिसत नाही.

६ काढा किंवा दुरुस्त करा. "निळा गळा" हे नावावरून लिहिलं आहे, पक्ष्यावरून नाही. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या नीलकंठाचा, म्हणजे नीलपंखाचा, गळा निळा नसतोच. तो तांबूस-जांभळट असतो आणि त्यावर फिक्या उभ्या रेघा असतात. निळा रंग पंखांत आणि शेपटीत असतो, तोही तारेवर बसलेला असताना बराचसा झाकलेला. उडाला की पंखांवर गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे आलटून-पालटून उघडतात. शिवाय मुंबईत नीलकंठ म्हणून पाठवलेल्या फोटोंत बहुतेक वेळा पांढऱ्या छातीचा खंड्या निघतो. फरक चोचीत आहे: खंड्याची चोच लालभडक, लांब, जाड, नीलपंखाची काळपट आणि आखूड.

७ मध्ये "निळी पाठ" पुरत नाही. तुमच्याकडे दिसणारे खंड्ये मुख्यतः दोन. पांढऱ्या छातीचा: डोकं चॉकलेटी, छातीवर पांढरा शर्टफ्रंट, चोच लाल. पाण्यापासून दूर, सोसायटीच्या बागेतही येतो, कारण तो मासे कमी आणि सरडे-नाकतोडे जास्त खातो. दुसरा छोटा खंड्या, चिमणीहून जरासाच मोठा, पोट नारिंगी, पाण्याजवळच. याच्या नर-मादीचा फरक चोचीत कळतो: नराची चोच सगळी काळी, मादीच्या चोचीचा खालचा भाग तांबडा-नारिंगी. गोराईकडे कांदळवनात गेलात तर काळी टोपी, पांढरी कॉलर आणि लाल चोच असलेला तिसराही भेटेल. फलकावर त्याची गरज नाही.

८. हळद्या: नराचे पंख काळे हे बरोबर, पण खूण डोळ्याची. काजळाची रेघ डोळ्यातून निघून मागे जाऊन संपते. सगळं डोकंच काळं असेल तर तो टोपीवाला हळद्या, वेगळी जात. मादी हिरवट असते. पिल्लांच्या पोटावर उभ्या रेघा असतात, त्यामुळे लोक "वेगळाच पक्षी" म्हणून फोटो टाकतात.

९. हरियाल आपला राज्यपक्षी, तेव्हा निदान तो तरी नीट लिहू. पानांत बसला की हिरवट पिवळा रंग दिसतच नाही. खूण पायांची: पाय पिवळेधमक. आपल्याकडच्या दुसऱ्या हिरव्या कबुतरांचे पाय लाल असतात. सकाळी कोवळ्या उन्हात थवा उंच, निष्पर्ण फांदीवर येऊन बसतो तेव्हा पाय दिसतात. फळांनी लगडलेल्या वडा-पिंपळावर दुपारी शोधत बसलात तर फक्त मान दुखेल.

यादीत नसलेला एक जण घाला: वंचक, म्हणजे आपली ढोकरी. बसलेला असताना मातकट, रेघारेघांचा, चिखलात मिसळून गेलेला. उडाला की दोन्ही पंख पांढरेशुभ्र. पावसाळ्याच्या तोंडाला त्याची पाठ लालसर तपकिरी होते. एकच पक्षी, तीन रंग. "ऋतूनुसार रंग बदलतो" हे लोकांना समजवायला याच्यासारखं उदाहरण नाही.

आणि कोकिळेची मादी. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, लाल डोळा. तिला दर उन्हाळ्यात कुणीतरी ससाणा म्हणतंच.

---

येऊरकर

पानगळ यांनी जागा आधी म्हटलं ते सस्तन प्राण्यांना तर दुप्पट लागू. फक्त हरियालाच्या पायांसारख्या काही ठिकाणी रंगच निर्णायक असतो, त्यामुळे रंगाला अगदीच वाळीत टाकू नका.

१. "काळे ठिपके" हे वर्णन चित्त्यापासून वाघाटीपर्यंत कुणालाही चिकटतं. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर ठिपके नसतात, फुलं असतात: काळ्या तुकड्यांची तुटक कडी आणि आत अंगापेक्षा किंचित गडद पिवळा. कडीच्या आत ठिपका नसतो. डोकं, मान, पाय आणि पोट यांवर मात्र भरीव ठिपके. शेपटी लांब, टोकाकडे खालून पांढरी. कानांची मागची बाजू काळी आणि त्यावर पांढरट डाग. पाठमोरा चालत जाणारा प्राणी असेल तर हा कानामागचा डाग आणि शेपटीखालचा पांढरा रंग हेच आधी दिसतात. चित्त्याशी गोंधळ वर्तमानपत्रांतही होतो. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळ्या अश्रूरेषा. बोरिवलीत चित्ता नाही, हे फलकावर लिहायची गरज नसावी, पण ग्रुप बघता सांगता येत नाही.

आता "पिल्लू". उद्यानात वाघाटी आहे, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटी साधारण दीड किलोपर्यंत, म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही लहान. तिला बिबट्याचं पिल्लू समजून उचलून आणण्याचे प्रकार उसाच्या पट्ट्यात वारंवार होतात. फरक असा:

वाघाटीच्या अंगावरचे ठिपके गंजाच्या रंगाचे, भरीव, लहान, रांगेत. कपाळावरून मानेकडे गडद रेघा जातात, डोळ्यांच्या आतल्या कडेला पांढऱ्या रेघा. पंजे नाजूक. बिबट्याचं पिल्लू राखाडी-मळकट दिसतं, ठिपके दाट आणि एकमेकांत मिसळलेले, आणि पंजे अंगाच्या मानाने फार मोठे. पंजा हीच सर्वांत भरवशाची खूण, कारण पिल्लाचा रंग अजून उमटायचा असतो.

दोन्हीपैकी काहीही असो, उचलायचं नाही. आई भक्ष्यासाठी गेलेली असते आणि अंधार पडल्यावर परत येते. माणसांचा गराडा पडला तर ती जवळ येत नाही आणि पिल्लू खरंच पोरकं होतं. पन्नास मीटर मागे हटा, कुत्री बांधा, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. ही ओळ फलकावर बिबट्याच्या चित्राखालीच हवी, तळाशी बारीक अक्षरांत नको.

२. उदमांजराला "करडं, लांब शेपटी" म्हटलंत तर मुंगूसही त्यात बसतं. उदमांजराचा चेहरा पहा: डोळ्यांभोवती काळा बुरखा आणि खाली-वर फिके डाग. शेपटी शरीराइतकी लांब आणि तिच्यावर कडी नाहीत. शेपटीवर काळ्या-पांढऱ्या कड्या स्पष्ट मोजता येत असतील तर ते जवादी मांजर. ते जमिनीवर राहतं. इमारतीच्या पाइपवरून चढून पोटमाळ्यावर पोचतं ते उदमांजर. (उदमांजराला ऊद म्हणू नका, ऊद म्हणजे पाणमांजर.)

३. चितळाचे पांढरे ठिपके आयुष्यभर टिकतात. सांबराच्या अंगावर ते नसतात. पोटाजवळची ठिपक्यांची रांग जवळजवळ सलग रेघ वाटते, पाठीच्या कण्यावर गडद पट्टा, गळ्यावर पांढरा पॅच. गुडघ्याएवढं, बिनशिंगांचं काही अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या-रेघांच्या ओळी घेऊन झुडपात पळालं तर ते चितळाचं पाडस नसून पिसोरी असू शकेल: उंची जेमतेम फूटभर.

सीसीटीव्हीबद्दल. रात्री इन्फ्रारेड (आयआर) प्रकाशात रंग जातो पण नक्षी राहते. मलेशियात काळ्या बिबट्यांची मोजणी याच जोरावर झाली: दिवसा कोळशासारखा दिसणारा बिबट्या इन्फ्रारेड फोटोत फुलांसकट दिसतो. काळा बिबट्या ही वेगळी जात नाही, फक्त गडद रंगद्रव्य जास्त. तेव्हा तुमच्या कॅमेऱ्यात बिबट्या असेल तर फुलं दिसायलाच हवीत. दिसत नसतील तर दोन कारणं: प्राणी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असल्याने प्रकाशाने पांढरा झाला, किंवा शटरचा वेग कमी असल्याने नक्षी पुसली गेली. पहिल्यावर उपाय म्हणजे आयआरची तीव्रता कमी करणं. दुसऱ्यावर उपाय म्हणजे व्हिडिओतली प्राणी थबकलेली फ्रेम शोधणं. सगळा व्हिडिओ न बघता पहिला स्क्रीनशॉट टाकला जातो, तिथेच गाडी घसरते.

आकार कळावा म्हणून गेटच्या खांबावर जमिनीपासून २५, ५० आणि ७५ सेंमीवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारा. रेडियमची पट्टी नको. ती आयआरमध्ये झळाळते आणि आजूबाजूचं सगळं काळं पडतं. बिबट्याचा खांदा साधारण ६० ते ७० सेंमी, म्हणजे तिसऱ्या रेघेच्या जरा खाली. उदमांजर पहिल्या रेघेच्या आसपास. रानमांजर म्हणजे बाऊल त्याहून उंच, पण त्याची शेपटी आखूड, शरीराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि टोक काळं. प्राणी खांबाच्या शेजारून जात असेल तरच ही मोजपट्टी खरी. दोन मीटर पुढे असेल तर मांजरसुद्धा बिबट्याएवढं वाटतं.

---

कुंपणापलीकडे

फार उपयोगी, दोघांचे आभार. एक उपप्रश्न: "हा तोच बिबट्या, गेल्या महिन्यातला" असं आमच्याकडचे काही जण छातीठोक सांगतात. फोटोवरून ते खरंच सांगता येतं?

---

येऊरकर

सांगता येतं, पण त्यांच्या पद्धतीने नाही. प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी असते, बोटांच्या ठशांसारखी. अडचण अशी की त्याची डावी आणि उजवी कूसही वेगवेगळी असते. गेल्या महिन्यात डावी बाजू टिपली असेल आणि आज उजवी, तर तुलना होतच नाही. म्हणून अभ्यासक वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, कॅमेऱ्यांची जोडी लावतात. (जंगलाच्या हद्दीत असे कॅमेरे परवानगीशिवाय लावायचे नाहीत, तेव्हा सोसायटीने तो विचार करू नये.)

तुमच्याकडे एकाच बाजूचे दोन फोटो असतील तर: मांडीवरचा किंवा कुशीवरचा एक भाग निवडा. तिथे वेगळ्या आकाराची फुलं शोधा, म्हणजे जोडलेली दोन, अर्धवट उघडं, त्रिकोणी. त्यांच्या शेजारची फुलं दुसऱ्या फोटोत त्याच क्रमाने आहेत का ते पहा. असं निदान तीन ठिकाणी जुळलं तर तोच प्राणी. एक फूल जुळणं काहीच सिद्ध करत नाही, आणि एक जरी ठळक फूल निश्चितपणे जुळत नसेल तर प्राणी वेगळा. चालताना कातडी ताणली जाते, तेव्हा फुलाचा आकार थोडा बदलेल, शेजारी बदलणार नाहीत. आणि फॉरवर्ड होऊन आलेला फोटो आरशासारखा उलटलेला नाही ना, तेही पहा: मागे इंग्रजी पाटी असेल तर अक्षरं वाचून कळतं. उलटलेल्या फोटोत डावी कूस उजवी होते.

---

वारूळ

११ आणि १२ बद्दल. माझं मत: साप या फलकावर नकोतच. पक्ष्याला चुकून दुसरं नाव दिलं तर काही बिघडत नाही. इथे "बिनविषारी" म्हणून कुणी हात घालेल. ठेवायचेच असतील तर वेगळी पाटी करा आणि खुणा दुरून बघण्यासाठी आहेत हे स्पष्ट लिहा.

"काळ्या अंगावर पांढरे पट्टे" ही ओळ तर धोक्याचीच. मुंबईच्या इमारतींत भिंतीवरून चढून येणारा बिनविषारी कवड्याही गडद तपकिरी अंगावर फिके पट्टे मिरवतो. फरक पट्ट्यांच्या जागेत आहे. मण्यारच्या पुढच्या भागात पट्टे नसतात किंवा अस्पष्ट असतात, कधी नुसते ठिपके. शेपटीकडे ते स्पष्ट होत जातात, आणि बारीक पट्ट्यांच्या जोड्या दिसतात. कवड्याचं उलटं: मानेवर फिकी कॉलर, मानेपाशी पट्टे ठळक आणि शेपटीकडे जाताना विरत जातात. सोपं करून सांगायचं तर मण्यार शेपटीकडे सजलेली, कवड्या मानेकडे. पण पट्टेच नसलेली मण्यारही आढळते, आणि मण्यारच्या पाठीच्या कण्यावरची मोठी षट्कोनी खवलं बघायला जितकं जवळ जावं लागतं तितकं कुणी जाऊ नये.

घोणस: पाठीवर एक आणि दोन कुशींवर एकेक अशा गडद तपकिरी लंबगोलांच्या तीन रांगा, प्रत्येकाला काळी कड आणि तिच्या बाहेर पांढरी किनार. कधी मधली रांग जुळून खरोखर साखळी होते. डुरक्या घोणस बिनविषारी आहे, पण तिचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत घुसलेले, किनार नसलेले, आणि डोकं मानेपासून वेगळं दिसत नाही. अजगराच्या पिल्लाचे डाग नकाशातल्या देशांसारखे आणि डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. आवाजाची खूण मात्र निर्विवाद: डिवचलेल्या घोणसीचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा लांब आणि मोठा असतो.

नागाच्या फणीवरचा दहाचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण फणा मिटलेला असताना तो दिसत नाही, आणि काही नागांवर तो पुसट असतो किंवा नसतोच. धामणीला नाग समजून मारतात ते त्यामुळेच: लांब, तपकिरी, फणा नाही. धामणीच्या ओठांवरच्या खवल्यांच्या सांध्यांवर काळ्या उभ्या रेघा असतात. दुर्बिणीतून दिसतात.

चावल्यावर साप ओळखण्यात वेळ घालवू नका, त्याला मारून किंवा डब्यात घालून रुग्णालयात नेऊ नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालतं, डॉक्टर लक्षणं बघून ते देतात. मण्यारचा दंश बऱ्याचदा रात्री झोपेत होतो आणि दुखतही नाही, खूण तर शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण नसली तरी थेट मोठ्या रुग्णालयात. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं, काही नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता आडवं नेणं, एवढंच.

---

खाडीकाठ

१० वर कुणी बोललं नाही. बोरिवलीच्या गेटवर फ्लेमिंगो कशाला, हा प्रश्न आहेच, पण थवे डोक्यावरून जाताना दिसत असतील तर असू द्या.

"गुलाबी" लिहिलंत तर लोक दोन चुका करतील. पहिली: राखाडी-तपकिरी दिसणारे रोहित (म्हणजे फ्लेमिंगोच) वेगळे समजतील. ती पिल्लं असतात. गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून हळूहळू भरत जातो, जन्माने मिळत नाही. दुसरी: भांडुप-नेरूळकडच्या पाणथळीत गुलाबी दिसलं की फ्लेमिंगो म्हणतील. चित्रबलाकाच्या शेपटीजवळही गुलाबी पिसं असतात; त्याची चोच पिवळी, जाड, टोकाशी जराशी वाकलेली, आणि छातीवर काळा-पांढरा पट्टा. रोहिताची चोच मध्येच कोपरासारखी मुडपलेली असते.

आपल्या खाडीत दोन जाती येतात, छोट्या रोहितांची संख्या जास्त. छोट्याची चोच गडद किरमिजी, दुरून काळीच वाटते. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. मोठा अंगाने जास्त पांढरा. दोघांचेही पंख उडताना उघडले की पुढचा भाग तांबडा आणि मागची कड काळी.

बघायचे असतील तर नोव्हेंबर ते मे. घड्याळ नव्हे, भरतीचं कोष्टक बघून निघा. शिवडीला पूर्ण ओहोटीत पक्षी इतके आत चिखलावर जातात की ठिपकेच दिसतात, पूर्ण भरतीत चिखलच बुडतो. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे एक-दोन तास बरे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा "गेल्या रविवारी आठला दिसले" याला अर्थ नाही. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने गेलात तर ठाणे खाडी अभयारण्य आतून दिसतं. ते २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. दुपारी बारानंतर चिखलावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत चोचीचा रंग कळत नाही.

आणखी एक, कारण ती तुमच्या गच्चीवरूनही दिसेल: तांबडी घार. डोकं-छाती पांढरी, बाकी विटकरी. पिल्लू मात्र सगळं तपकिरी, साध्या घारीसारखं. तिथे रंग सोडा, शेपटी बघा: साध्या घारीची मध्ये खाच असलेली, तांबडीची गोल.

---

शाईचा डाग

छपाईचं माझ्याकडे.

आधी फोटोंबद्दल, कारण खराब फोटो कुठलीही मशीन सुधारत नाही. ३ × २ फूट १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) म्हणजे ५४०० × ३६०० पिक्सेल. त्यात एका पक्ष्याला सहा इंच दिलेत तर त्या पक्ष्याचेच ९०० पिक्सेल हवेत, फोटोचे नव्हे. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून मागवा. मोबाइलचा "व्हिव्हिड" मोड बंद, फिल्टर नको. आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेला पक्षी काळा येतो: एक्स्पोजर +०.७ ते +१ करा. बगळ्यासारखा पांढरा पक्षी उन्हात असेल तर −०.७, नाहीतर पिसांची नक्षी उडून जाते.

निळ्याचा खास त्रास. खंड्याच्या पाठीत निळं रंगद्रव्य नसतं. पिसातल्या सूक्ष्म स्पंजसारख्या रचनेमुळे निळा प्रकाश परत फेकला जातो आणि निळं दिसतं. प्रकाश पक्ष्याच्या मागून येत असेल तर परत फेकायला काही उरत नाही आणि तीच पाठ काळपट येते. छोट्या खंड्याच्या छातीचा नारिंगी मात्र रंगद्रव्याचा, तो सावलीतही नारिंगीच. म्हणून खंड्या आणि नीलपंख यांचे फोटो सूर्य तुमच्या पाठीमागे असताना काढलेलेच घ्या. शिंजिराची चमक याहून वेगळी, ती कोनावर अवलंबून असते: मान जराशी वळली की जांभळा, हिरवा, काळा.

पडद्यावरचा तो निळा चार शाईंत पूर्ण उतरत नाही. सायन (निळसर शाई) १०० टक्के आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) ८० टक्के झाला की खंड्या जांभळा छापला जातो. दोघांत किमान ३० टक्क्यांचा फरक ठेवायला सांगा. पूर्ण फलक छापण्याआधी खंड्या, हळद्या आणि बुलबुलाचं बूड एवढ्याच तुकड्याची चाचणी प्रत त्याच मटेरियलवर काढून घ्या आणि ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, बाहेर सावलीत बघा.

मटेरियल: फ्लेक्स नको, सुरकुत्या पडतात. सनबोर्ड दोन पावसाळ्यांत वाकतो. व्हिनाइल प्रिंट, त्यावर मॅट यूव्ही लॅमिनेशन, आणि ३ मिमी एसीपी (अॅल्युमिनियम कंपोझिट) शीटवर चिकटवलेलं. ग्लॉसी लॅमिनेशन स्वस्त पडतं पण दुपारी फलकात वाचणाऱ्याचाच चेहरा दिसतो. कडा सिलिकॉनने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. झाडाला खिळे ठोकू नका, पाइपच्या दोन पायांवर उभा करा.

जागा पश्चिमेचं ऊन टाळून. उन्हात पिवळी आणि मॅजेंटा शाई आधी उडते, सायन आणि काळी टिकतात. दोन वर्षांनी तुमचा हळद्या पांढरा होईल, शिपायाचा गाल आणि लालबुड्याचं बूड दोन्ही राखाडी, आणि खंड्या तेवढा ताजातवाना. पानगळ म्हणतात ती अवयवाची खूण नुसत्या शब्दांत न ठेवता चित्रावर काळ्या बाणाने दाखवा आणि बाणाला क, ख, ग अशी अक्षरं द्या. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांनाही तो फलक वाचता येईल.

---

कुंपणापलीकडे

साप वेगळ्या पाटीवर हलवले. नीलकंठाच्या जागी वंचक घेतला, फ्लेमिंगोच्या जागी तांबडी घार. बुलबुल, खंड्या आणि उदमांजर यांच्या ओळी अशा केल्या, बरोबर आहेत का पहा:

शिपाई बुलबुल – उभा टोकदार तुरा, पांढरं पोट (पिल्लाच्या गालावर लाल नसतो)
लालबुड्या बुलबुल – काळं डोकं, उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा चौकोन
खंड्या – चॉकलेटी डोकं, पांढरी छाती, लाल चोच
उदमांजर – डोळ्यांभोवती काळा बुरखा, शेपटीवर कडी नाहीत

---

पानगळ

ठीक. खंड्याचं नाव "पांढऱ्या छातीचा खंड्या" असं पूर्ण लिहा, नाहीतर छोटा खंड्या दिसला की फलक चुकला म्हणून सेक्रेटरीकडे तक्रार जाईल.